माणिक राहिलं, मोती गेले

१

चोराला अक्कल नसते असं कुणी म्हटलं की उद्धवराव हसत. फौजदारकीत त्यांनी भलेभले चोर पाहिले होते. पण नानासाहेब वेदकांच्या घरातली चोरी पाहून मात्र त्यांचीच अक्कल गुंग झाली.

नानासाहेब म्हणजे मुंबईच्या मोती बाजारातले एकेकाळचे जव्हेरी. धंदा मिटवून चिंचवड स्टेशनजवळच्या कौलारू घरात येऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली, तरी दर शुक्रवारी शिसवी पेटी उघडून खडे मऊ फडक्यानं पुसायचा नेम सुटला नव्हता. त्या शुक्रवारी पेटी उघडली तेव्हा आत पाचूची अंगठी होती. नीलम होता. कागदाच्या पुडीत ब्रह्मदेशी माणिक होतं, वाटाण्याएवढं, नुसतं बघत बसावं असं. नव्हता तो बसऱ्याच्या मोत्यांचा सातपदरी कंठा.

मग काय विचारता! पिठाचे डबे उपडे झाले, पुतण्याची ट्रंक उपसली, स्वयंपाकाच्या बाईचं बोचकं सोडून पाहिलं. कंठा काही मिळाला नाही. नानासाहेबांना दम्याची उबळ आली आणि शेजारून उद्धवरावांना बोलावणं गेलं.

उद्धवराव शेजारच्या एका खोलीत राहत. बायको वारली, मूलबाळ नव्हतं, नोकरी संपली. दोन वेळा खानावळीत जेवायचं आणि मधल्या वेळात येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या मोजायच्या, असा त्यांचा दिनक्रम. बोलावणं आलं तेव्हा ते स्वतःपुरता चहा गाळत होते. तो तसाच टाकून ते आले.

"पेटीची किल्ली?" त्यांनी विचारलं.

"माझ्या जानव्याला. अंघोळीलासुद्धा सुटत नाही." नानासाहेब धापा टाकत म्हणाले. "पण मंगळवारी पेटी उघडी होती. दलाल रहिमान आला होता, माणकाला गिऱ्हाईक आहे म्हणून. मला उबळ आली म्हणून मी आत जाऊन पडलो. तो इथं एकटा होता. उठल्यावर मी पेटी न बघताच कुलूप लावलं. दुसरं कोण नेणार?"

"घरात माणसं किती?"

"मी, यशवंता आणि सोजराबाई. बस्स."

तेवढ्यात आतल्या दाराच्या फटीतून एका हातानं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि तो हात मागे गेला. हात कुसुमताईंचा, नानासाहेबांच्या विधवा बहिणीचा. उद्धवराव चार वर्षं शेजारी होते, पण त्यांनी या बाईचा आवाज कधी ऐकला नव्हता.

"उद्या सकाळच्या गाडीनं मुंबईला जातो," नानासाहेब म्हणाले, "आणि भर बाजारात सांगतो, रहिमान शेख चोर आहे म्हणून."

याचा अर्थ उद्धवरावांना चांगला ठाऊक होता. जवाहिरांचा दलाल नुसत्या शब्दावर लोकांचा माल खिशात घालून फिरतो. पावती नाही, साक्षीदार नाही. त्याच्या नावाकडे एकदा बोट दाखवलं की त्याला कुणी दारात उभं करत नाही, मग चोर सापडो की न सापडो.

"मला आजचा दिवस द्या," ते म्हणाले.

"घ्या की. नाहीतरी मोकळेच असता."

नानासाहेब सहज बोलून गेले. उद्धवरावांना ते लागलं, पण त्यांनी टोपी उचलली आणि ते बाहेर पडले.

२

रहिमानला निरोप पोचला तसा तो पुण्याहून मिळेल त्या गाडीनं आला होता. घरात पाऊल ठेवायची मनाई, म्हणून स्टेशनातल्या बाकावर बसून होता. पन्नाशीचा, नीटनेटका, पांढऱ्या दाढीचा माणूस. पण चेहरा पार उतरलेला.

"साहेब, मी एकटा होतो हे खरं. पण मधे नमाजाची वेळ झाली. मी विहिरीवर हातपाय धुतले आणि कडुलिंबाखाली नमाज पढलो. तेवढा वेळ ओटीवर कुणी नव्हतं. पेटी उघडीच होती. ही माझी चूक. पण चोरी?" त्यानं दोन्ही कानांना हात लावले.

"चोरायचं असतं तर तुम्ही काय नेलं असतं?"

रहिमानला एवढ्या दुःखातही हसू आलं. "बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल, माणिक! लढाईपासून ब्रह्मदेशचा माल आटलाय, वरून सरकार परदेशी माल येऊ देत नाही. आज घेतलेलं माणिक दिवाळीला जास्तच किंमत आणतं. आणि मोती? जपान्यांनी शिंपल्यांत मोत्यांची शेती सुरू केली आणि खरा मोती बसला तो बसलाच. मोती बाजारातले कितीतरी पेढीवाले त्यात बुडाले. नानासाहेबही त्यातलेच."

"ते दम्यासाठी हवा बदलायला इथं आले असं ऐकलं होतं."

"अब्रूदार माणूस आणखी काय सांगणार? अजूनही माझ्याशी सौदा करतात, पण विकत काही नाहीत. माणिक चढतंय म्हणून विकायचं नाही, मोती पडलाय म्हणून विकायचा नाही. अशानं खडे पेटीतच म्हातारे व्हायचे."

"मंगळवारी माणकाचा काय भाव सांगितलात?"

"तो सांगत नसतात. इकडे आणा हात."

रहिमाननं खिशातला मोठा रुमाल काढून दोघांच्या हातांवर पसरला. रुमालाखाली त्याची बोटं उद्धवरावांच्या बोटांवर आली. आधी एक बोट दाबलं, मग चार एकदम धरली, मग मधल्या बोटाचं पेर चिमटीत धरलं.

"हा माझा भाव. पटला नाही तर त्यांनी माझी बोटं धरायची. शेजारी सख्खा भाऊ बसला असला तरी त्याला कळायचं नाही. आमच्या धंद्यात आकडा तोंडानं उच्चारत नाहीत, मालाचा भाव पडला असं तर चुकूनही म्हणत नाहीत. आज तुमच्यापुढं एवढं बोललो ते गळ्याशी आलंय म्हणून."

बायको गेल्यापासून उद्धवरावांचा हात असा कुणी हातात घेतला नव्हता. रुमाल बाजूला झाला तेव्हा त्यांना उगीचच वाईट वाटलं.

"साहेब, उद्या ती गाडी गेली की मी संपलो," रहिमान म्हणाला. "मी जेलला भीत नाही. बाजारात मला बघून लोक पेट्या मिटतील ना, त्याला भितो."

३

पुतण्या यशवंतराव पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होता. पहिली शिफ्ट संपवून तो सायकलवरून आला तसं उद्धवरावांनी त्याला फाटकातच गाठलं. गडी दोन मिनिटांत घामाघूम झाला.

"मंगळवारी तुम्ही ओटीवरून आत गेलात. तेव्हा रहिमान नव्हते. खरं का?"

"खरं. पण मी हात लावला नाही!" मग मान खाली घालून तो म्हणाला, "या खेपेला नाही लावला."

"म्हणजे?"

"काकांना सांगू नका, फौजदारसाहेब. मागल्या वर्षी ते आजारी होते तेव्हा मी किल्ली काढून घेतली आणि कंठा पुण्याला सराफाकडे नेला. स्वतःची खोली घ्यायची होती हो. या घरात कुणी कुणाशी बोलत नाही, जेवताना भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू येतं. सराफानं कंठा बघितला आणि हसला. म्हणाला, बारीक मोती, त्यात पेटीत कोंडून पिवळे पडलेले. एखादं शिलाईचं यंत्र येईल याच्यात. मी गुपचूप परत नेऊन ठेवला. चोरायचंच असतं तर आता माणिक नसतं का नेलं?"

"हे घरात कुणाला सांगितलंत?"

"चोरी करायला गेलो आणि फजिती झाली, हे कुणाला सांगणार?"

सोजराबाई गावातलीच, या घरात जुनी. स्वयंपाक तिच्याकडे. तिला विचारायला गेले तर तीच उद्धवरावांवर उसळली.

"माझं बोचकं सोडून बघितलं त्यांनी! पंधरा वर्सं भाकरी थापली या घरात. आन मोत्याचं काय घिऊन बसलाय? पिंपरीच्या कॅंपात सिंधी लोक जपानी माळा ढिगानं इकत्यात. माझ्या लेकीच्या गळ्यात हाय की एक. खऱ्या मोत्याला बी आता कोन इचारीत न्हाई म्हनत्यात."

"हे या घरातल्या लोकांना ठाऊक आहे?"

"म्या ताईस्नी एकदा सांगितलं व्हतं. तर म्हनल्या, ते खोटे मोती, सोजरा. आमच्या बसऱ्याच्या मोत्याची त्येस्नी सर न्हाई. म्या म्हनलं, आसंल बाई."

उद्धवराव "बरं" म्हणाले आणि ओटीवर जाऊन बसले. त्यांच्या हाती काहीच लागलं नव्हतं. तिघांना संधी होती आणि तिघांनाही मोत्याची आजची किंमत पक्की माहीत होती. मग ज्याला कंठा कवडीमोल आहे हे ठाऊक, तो शेजारचं माणिक सोडून तोच कशाला नेईल?

४

दुपार कलली. वैशाखाचा उकाडा होता. उद्धवराव ओटीवर बसले होते आणि समोर नानासाहेब उद्याच्या प्रवासाची पिशवी भरत होते.

ओटी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. आत सोजराबाई स्वतःशी पुटपुटत होती ते शब्दन् शब्द बाहेर ऐकू येत होतं. उद्धवरावांनी कान दिला. बाहेरचं आत तितकंच जात असणार. म्हणजे इतकी वर्षं इथं जे दलाल आले, जे सौदे झाले, ते सगळे पलीकडे बसणाऱ्या माणसानं ऐकले असणार. तेही माणूस मोत्याचा भाव जाणून असणार. झालं, उरलीसुरली वाटही बंद झाली.

ते तळहात चोळत बसले. रुमालाखाली रहिमानच्या बोटांनी जिथं दाबलं होतं ती जागा त्यांना अजून जाणवत होती. तो सौदा चालू असताना स्टेशनातल्या बाकामागं कुणी उभं असतं तर त्याला काय ऐकू आलं असतं? माणिक, मोती, हा माल, तो माल. आणि आकडा? आकडा एकही नाही.

उद्धवराव ताठ बसले.

"नानासाहेब, मोत्याचा भाव पडला, त्यात पेढी बुडाली, हे तुम्ही घरात कधी बोललात?"

नानासाहेबांचे हात थांबले. "जव्हेरी आपल्या मालाची नालस्ती आपल्या तोंडानं करत नाही."

"घरच्यांपाशीसुद्धा?"

"मुंबई सोडली ती दम्यासाठी. घरात तेवढंच सांगितलं." त्यांनी नजर पिशवीत घातली.

"सकाळी मी विचारलं, घरात माणसं किती. तुम्ही तीन सांगितलीत."

"मग?"

"तांब्या कुणी पुढं केला?"

नानासाहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. ते खोटं बोलले नव्हते. खरोखरच त्यांच्या मोजण्यात ती नव्हती, आणि खरं सांगायचं तर दिवसभर उद्धवरावांच्याही नव्हती. घरदार उपसलं, सगळ्यांची झडती झाली. तिला कुणी एक प्रश्नही विचारला नव्हता.

५

कुसुमताई मागल्या पडवीत सुपात तांदूळ निवडत होत्या. पन्नाशीला टेकलेल्या. तपकिरी लुगडं, डोक्यावरून पदर. एवढ्या उकाड्यात तो पदर त्यांनी गळ्याशी घट्ट आवळून धरला होता. उद्धवरावांनी ते पाहिलं आणि कंठा कुठं आहे ते विचारायची गरज उरली नाही. विधवेच्या गळ्यात दागिना असेल असं या गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

ते अंतर राखून पायरीवर बसले.

"ताई, रहिमान सकाळपासून स्टेशनात बसलेत," ते म्हणाले. "उद्या तुमचे भाऊ मुंबईला गेले की त्यांचा धंदा बुडाला."

सुपातला हात थांबला. उत्तर आलं तेव्हा आवाज इतका बारीक होता की उद्धवरावांना पुढं वाकावं लागलं.

"सकाळपासून शब्द जुळवतेय. बोलायची सवय राहिली नाही."

"सावकाश बोला."

"चोरी नाही केली मी. कंठा माझाच आहे. माझ्या लग्नात बाबांनी घातला. म्हणाले होते, कुसुम, यात गिरगावातलं एक घर आहे बरं, जपून वापर. हे गेले त्या दिवशी दादानं तो गळ्यातून काढला, म्हणाला, मी सांभाळतो. माझं तेवढंच मी घेतलं. माणकाला कशाला हात लावू? ते दादाचं."

"आणि आता काय करणार होतात?"

"रहिमानभाईंना विकायला देणार होते. ते पुन्हा येतील तेव्हा दाराआडून सांगायचं ठरवलं होतं. मी दुसरं कुणाला ओळखते? त्यांनाही ओळखत नाही, आवाज ओळखते. कधी मोठ्यानं बोलत नाहीत, सोजराकडे तिच्या मुलीची चौकशी करतात. भला माणूस वाटला. त्यांच्यावरच आळ आला, आणि मी भ्याले." त्यांनी डोळे पुसले. "आलेल्या पैशांत कुठंतरी दोन खोल्या घेणार होते. आपलं दार आपण लावायचं, आपण उघडायचं. कुणी आलं तर या म्हणायचं."

उद्धवरावांना आपली खोली आठवली. दार आपण लावून आपण उघडण्यात काय असतं ते त्यांना विचारा! पण त्यांना या बाईचं हसू नाही आलं. गुन्हा उलगडला की पूर्वी छाती फुगायची, तसंही काही झालं नाही. कधी एकदा इथून उठतो असं त्यांना झालं होतं.

कुसुमताई पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहत होत्या. चेहऱ्यावर लहान मुलीसारखी उत्सुकता होती.

"फौजदारसाहेब, तुम्ही बाहेर हिंडता-फिरता," त्या म्हणाल्या. "किती येतील हो त्याचे?"

६

उद्धवरावांनी सांगितलं. जपानचं सांगितलं, मोती बाजाराचं सांगितलं, पुण्याच्या सराफाचं सांगितलं. फक्त यशवंताचं नाव घेतलं नाही. कुसुमताईंनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. सूप बाजूला ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "रहिमानभाईंना बोलवा."

रहिमान दबकत ओटीवर आला. नानासाहेब त्याला बघून उठणार, तोच आतलं दार उघडलं आणि कुसुमताई बाहेर आल्या. परक्या पुरुषांपुढं त्या ओटीवर यायची ही पहिलीच वेळ. सोजराबाई त्यांच्यामागं दारात येऊन थिजली. कुसुमताईंनी पदर सैल केला, गळ्यातून कंठा काढला आणि नानासाहेबांच्या पुढ्यात ठेवला.

"मी घेतला, दादा. रहिमानभाईंचा काही संबंध नाही. तू उद्या मुंबईला जायचं नाहीस. सकाळी त्यांच्याबद्दल जे बोललास ते परत घे. आत्ता, सगळ्यांदेखत."

नानासाहेब मान खाली घालून धापा टाकू लागले. दम लागला होता की लाज वाटत होती, कोण जाणे. शेवटी त्यांनी रहिमानपुढं हात जोडले. रहिमाननं ते वरच्यावर धरले.

"बस झालं, नानासाहेब. मला एवढं पुरे आहे."

कुसुमताई तिथून हलल्या नाहीत. "मोत्याचा भाव कधी पडला, दादा?"

नानासाहेबांनी कंठ्यावरची नजर वर उचलली नाही.

"तू मला सांगितलं नाहीस."

"काय सांगणार होतो?" म्हातारा एकदम कळवळून म्हणाला. "तुझा नवरा गेला, वर्षभरात पेढी गेली. तुझ्यापाशी तेवढा एक कंठा होता. त्याचंही काही येत नाही असं सांगून तुझा उरलासुरला आधार काढून घेऊ? माझ्यानं सांगवलं नाही, कुसुम."

"मी त्या पेटीपाशी बसून राहिले, दादा. तू बोलत नव्हतास, कुणी विचारत नव्हतं, तरी म्हणायचे, असू दे, माझं घर त्या पेटीत आहे. हवं तेव्हा जाईन. त्या जोरावर दिवस काढले." त्यांचा आवाज आता चांगला ऐकू येत होता. "तेव्हाच सांगितलं असतंस तर मी रडले असते, आणि मग दुसरं काहीतरी केलं असतं. शिकले असते. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते."

नानासाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रहिमान भिंतीकडे बघत राहिला. यशवंतराव हातपाय धुऊन ओटीवर आला तो तसाच उंबऱ्यात थबकला.

कुसुमताई त्याच्याकडे वळल्या. "यशवंता, पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात बायका घेतात असं तू परवा कुणाला तरी सांगत होतास. बाटल्या भरायला. मी आतून ऐकलं."

"हो, आत्या. पण त्या पोरी असतात, विशीतल्या..."

"माझ्या वयाच्या घेतात का?"

"ते मला माहीत नाही."

"मी विचारून येतो," उद्धवराव टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले. "तिथं फाटकावर माझ्या ओळखीचा हवालदार आहे."

"नको," कुसुमताई म्हणाल्या. "तुम्ही नुसते बरोबर चला. विचारेन मी."

त्या पायऱ्यांशी गेल्या आणि खाली बघत घुटमळल्या. उद्धवरावांना आधी कळेना काय झालं ते. ओटीखाली नानासाहेबांचे जोडे होते, यशवंताचे बूट होते, रहिमानच्या चपला होत्या. कुसुमताईंचं काहीच नव्हतं. घरातून मागल्या विहिरीपर्यंत जाणाऱ्या बाईला चपला लागतात हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्या स्वतःच्याही नाही.

सोजराबाई पदराला हात पुसत पुढं आली आणि मागल्या दारातल्या आपल्या चपला आणून तिनं पायरीवर ठेवल्या.

"माझ्या घाला, ताई," ती म्हणाली. "जरा मोठ्या हायत."